बटाटा वजा जाता

शेजारच्या नॅनांनी बोटाला टोचून साखर मोजण्याचे यंत्र माझ्यापुढे धरले, तेव्हा त्यावर १३.१ हा आकडा होता. भारतात अकरा वर्षे असेच यंत्र वापरणाऱ्या मला क्षणभर काही उमगले नाही. आपल्याकडे उपाशीपोटी शंभर-सव्वाशे आणि जेवणानंतर दीडशे-पावणेदोनशे असे आकडे वाचण्याची सवय. तेरा हा हिमोग्लोबिनचा आकडा असू शकतो, साखरेचा नव्हे. मग ध्यानात आले की आयर्लंडमध्ये हे मोजमाप निराळ्या एककात करतात आणि त्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे विनिमयाचा दर कळला की गुणाकार आपोआप होतो. उत्तर आले २३६. जेवून दोन तास झाले होते.

‘काय जेवलात?’ मी विचारले.

‘कोलकॅनन,’ त्या म्हणाल्या. ‘ऑक्टोबरात आणखी काय जेवणार?’

आयर्लंडमध्ये आजीला ‘नॅना’ म्हणतात. आमच्या सांगलीकडे नाना म्हणजे पेढीवर बसणारा, धोतर नेसलेला वडीलधारा पुरुष. त्यामुळे पंचाहत्तरीच्या या बाईंना त्या नावाने हाक मारताना आमच्या सौ.ना पहिले चार दिवस हसू आवरत नसे. आमचे चिरंजीव कॉर्क शहरातील एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात नोकरीस आहेत. निवृत्तीनंतर प्रथमच आम्ही उभयता तीन महिने त्यांच्याकडे राहावयास गेलो होतो, आणि सूनबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ज्यांचे स्वयंपाकघर दिसते त्या या नॅना. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना हाच विकार होता, आणि अखेरच्या वर्षांत त्यांच्या पायाची तीन बोटे काढावी लागली होती. मुलगी ऑस्ट्रेलियात. नॅनांना साखर असल्याचे निदान होऊन जेमतेम वर्ष झाले होते. ताटात बटाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यावर नॅनांचे उत्तर असे, की डॉक्टर डब्लिनचे आहेत, कॉर्कच्या माणसाने काय खावे हे त्यांना कसे कळणार?

कोलकॅनन हा पदार्थ दिसायला अगदी साधा. बटाटे उकडून, दूध व लोणी घालून लोण्यासारखे मऊ कुस्करायचे. कोबी किंवा केल नावाची जाडसर कुरळ्या पानांची भाजी वेगळी उकडून, बारीक चिरून त्यात मिसळायची. बहुतेक घरांत पातीचा कांदाही पडतो. मग बशीत त्याचा डोंगर रचून मध्यभागी खळगा करायचा आणि त्या खळग्यात लोण्याचा मोठा गोळा सोडायचा. लोणी वितळून तळे होते. खाणाऱ्याने कडेकडेने घास घ्यावा आणि प्रत्येक घास त्या तळ्यात बुडवून तोंडात घालावा, अशी रीत. पावसाळी रात्री आपण मऊ भाताच्या मुदीत खळगा करून तूप सोडतो, त्याचेच हे आयरिश भावंड म्हणा ना. कॉर्कमध्ये पाऊस बाराही महिने असतो, म्हणजे या पदार्थाला मुहूर्त शोधावा लागत नाही. तरी त्याचा खरा मान ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनच्या रात्री. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, आणि त्याची पूर्वसंध्या हा कॅथलिक पंथात उपवासाचा दिवस मानला जाई. त्या दिवशी मांस वर्ज्य. आज मुखवटे घालून दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या मुलांचा तो उत्सव मूळचा बिनमांसाच्या जेवणाचा, हे मला तिथे गेल्यावरच समजले. १७३५ साली हॅलोवीनच्या रात्री डब्लिनमध्ये जेवलेल्या विल्यम बल्कली नावाच्या वेल्श गृहस्थांच्या रोजनिशीत या पदार्थाची नोंद आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी वही काढली. ही माझी जुनी खोड. रक्कम छोटी असली तरी खतावणी झाल्याशिवाय झोप येत नाही. शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात कर्बोदके सुमारे २० ग्रॅम. नॅनांच्या ताटात तीनशे ग्रॅम बटाटा सहज असे, म्हणजे झाली ६० ग्रॅम. एका मध्यम फुलक्यात पंधरा धरली, तर हे चार फुलके. आणि बटाट्याचे कुस्करलेले पिष्ट पोटात इतक्या लवकर विरघळते की साखर चढायला वेळ लागत नाही. सोबत सोडा ब्रेडचा जाड काप असे, तो निराळा. याउलट उकडलेल्या फ्लॉवरमध्ये शंभर ग्रॅममागे सुमारे ४ ग्रॅम, त्यातही निम्म्याच्या आसपास चोथा. तीनशे ग्रॅमची बेरीज १२. साठ आणि बारा. बँकेत इतकी तफावत आढळली असती तर मी शाखाधिकाऱ्यांना तत्काळ फोन केला असता.

हा हिशेब घेऊन मी दुसऱ्या दिवशी उत्साहाने नॅनांकडे गेलो. बटाटा संपूर्ण वगळा, फ्लॉवर घाला, काम झाले, असे मी जवळजवळ व्याख्यानच दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा ओतला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही बटाटा खात नाही हे सूनबाईंनी मला सांगितले आहे. तुम्हाला तो सोडणे सोपे आहे. तुमच्याकडे त्याच्यावाचून कोणी मेले नाही.’

माझ्याजवळ याला उत्तर नव्हते.

नॅनांचे माहेर स्किबरीन या गावाजवळचे. कॉर्क परगण्याच्या पश्चिमेकडील हे गाव आयर्लंडच्या महादुष्काळाच्या इतिहासात फार दुःखद कारणाने नोंदले गेले आहे. तेथील ॲबीस्ट्रूरी स्मशानभूमीत दुष्काळात मेलेली आठ ते दहा हजार माणसे सामुदायिक खड्ड्यांतून पुरलेली आहेत. चिरंजीवांनी एका रविवारी आम्हाला तिकडे नेले. नुसते हिरवे गवत आहे. त्यावर मृतांची नावे नाहीत, कारण नावे लिहून ठेवायला कोणी उरलेच नव्हते.

बटाटा आयर्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. जमीन बड्या जमीनदारांची, खंड भारी, आणि कुळाच्या वाट्याला उरे तो चिमुकला तुकडा. त्या तुकड्यात कुटुंबाचे वर्षभर पोट भरेल असे एकच पीक होते. १८४० च्या दशकापर्यंत गरीब आयरिश माणसाचे जेवण म्हणजे बटाटा आणि ताक एवढेच राहिले. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, असे इतिहासकार सांगतात. मला प्रथम ही छपाईची चूक वाटली होती. लावणीही बहुतेक एकाच वाणाची, लंपर नावाच्या. १८४५ च्या शरद ऋतूत करपा रोग आला आणि उभे पीक जमिनीतच सडले. पुढची काही वर्षे तो पुन्हा पुन्हा येत राहिला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली आणि दहा लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सर्व ठेवी एकाच कर्जदाराला देऊ नयेत हे आम्ही बँकेत पहिल्या वर्षी शिकतो; पण त्या कुळांना दुसरा कर्जदार निवडण्याची मुभाच कुणी ठेवली नव्हती. नॅनांच्या पणजीच्या पिढीतील एक अख्खे घर त्या वर्षांत रिकामे झाले. म्हणून त्यांच्या आईच्या घरी ताटात बटाटा टाकून उठलेले चालत नसे, आणि जेवणात बटाटा नसणे हे अमंगळ समजले जाई.

याच शहरात लोण्याचेही एक संग्रहालय आहे, शँडन नावाच्या चढणीच्या भागात, आणि आपल्या वाचकांपैकी कुणी कॉर्कला गेलेच तर त्यांनी ते चुकवू नये. १७७० च्या सुमारास येथील व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन लोण्याचा बाजार उभारला, आणि पुढे तो जगातील सर्वांत मोठा लोण्याचा बाजार म्हणून ओळखला गेला. खेड्यापाड्यांतून फर्किन म्हणतात त्या लाकडी पिंपांतून खारवलेले लोणी येई. तपासनीस पिंपात पोकळ टोचा खुपसून तळापर्यंतचा नमुना काढी, वास घेई, चव पाही आणि प्रत ठरवून पिंपावर शिक्का मारी. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात पोत्यातून नमुना काढताना मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे त्या काचेच्या कपाटापुढून माझा पाय निघेना. त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून समुद्रापारचा व्यापारी न पाहता माल उचलत असे. व्यापाराची पत म्हणतात ती हीच. पण त्याच दालनात ही गोष्टही उमगते की लोणी घुसळणाऱ्या घरात लोणी खाल्ले जात नसे. ते विकून खंड भरायचा, आणि घरच्या माणसांनी बटाटा नि उरलेले ताक घ्यायचे. दुष्काळाच्या वर्षांतही धान्य आणि लोणी बंदरातून बाहेर जातच होते. कोलकॅननच्या मध्यावरचे ते लोण्याचे तळे म्हणजे वर्षातून एखाद्या रात्री स्वतःच्या मालाची चव घेण्याचा हक्क होता, असे मला तेव्हापासून वाटू लागले. नॅनांना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘मग लोणी सोडा म्हणून तरी सांगू नका.’ मी नाही सांगितले.

इथे थोडे आपल्या घरात डोकावू या. जमीकंद वर्ज्य असल्याने बटाट्याविना स्वयंपाक आपल्याला शिकवावा लागत नाही, आणि त्यामुळे आपला आहार आपोआप साखरेला अनुकूल आहे, असा एक समज आपल्या समाजात आहे. मीही बरीच वर्षे त्याच समजुतीत होतो. पण बटाट्याच्या जागी आपण काय घालतो? पावभाजीत कच्चे केळे, टिक्कीत कच्चे केळे, वड्यात कच्चे केळे. कच्च्या केळ्यात पिष्ट बटाट्याहून कमी नसते, उलट थोडे अधिकच. धर्माच्या वहीत ती नोंद बरोबर आहे, परंतु साखरेच्या वहीत बटाट्याचेच खाते नाव बदलून चालू आहे. दुकानावर दिवसभर बैठे काम, संध्याकाळच्या आत घाईघाईने भरपेट जेवण, आणि ताटात भात, फुलके व केळ्याची भाजी, अशी आपली कितीतरी घरे मी पाहतो. माझे स्वतःचे घर त्यातलेच. तेव्हा नॅनांना शिकवायला निघालेल्या माझ्या हाती फार मोठे भांडवल होते असे नाही.

पेच सुटला तो सूनबाईंमुळे. त्यांनी कुठून तरी या पदार्थाच्या नावाची व्युत्पत्ती शोधून काढली. आयरिश भाषेत ‘काल’ म्हणजे कोबी, आणि कोलकॅनन हे नाव ‘पांढऱ्या डोक्याची कोबी’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आले असे मानतात. नावात बटाटा नाहीच! मी वनस्पतिशास्त्राची भर घातली: कोबी, केल आणि फ्लॉवर या तिन्ही दिसायला भिन्न असल्या तरी एकाच वनस्पतीच्या जाती आहेत, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून एकीची पाने वाढवली, दुसरीचा गड्डा आणि तिसरीचा फुलोरा. मग सूनबाई नॅनांना म्हणाल्या, ‘आता तुम्हीच सांगा, पांढऱ्या डोक्याची कोबी म्हणजे कोण?’

नॅना बराच वेळ हसत होत्या. नंतर म्हणाल्या, ‘एक बटाटा मी घालणार. तुमच्या भांड्यात नको, माझ्या.’ चार भागांत तीन भाग फ्लॉवर आणि एक भाग बटाटा, असा करार झाला. माझ्या वहीत ६० चे २४ झाले.

करार झाला तरी पदार्थ साधेना. पहिल्या खेपेस आम्ही फ्लॉवर बटाट्यासारखाच पाण्यात उकडला आणि कुस्करला. बशीत ठेवताच त्याभोवती पाण्याचे ओघळ आले, मधले लोण्याचे तळे फुटले आणि चव रुग्णालयातल्या जेवणासारखी लागली. दुसऱ्या खेपेस पाणी कमी केले तर फ्लॉवर करपला, आणि करपलेल्या फ्लॉवरचा वास शेजारी-पाजारी कळतो. कारण शोधले ते असे. बटाट्याला बांधून ठेवते ते त्यातले पिष्ट. पाणी ते स्वतःच शोषून घेते. फ्लॉवरमध्ये पिष्ट जवळजवळ नाही, म्हणून त्याच्यातले पाणी आपणच बाहेर काढायला हवे. त्याचा एक फायदाही आहे. बटाटा मिक्सरमध्ये घातला तर पिष्ट फुटून त्याचा खळीसारखा चिकट गोळा होतो, म्हणून तो हातानेच कुस्करावा लागतो. फ्लॉवरला ती भीती नाही. मिक्सरमध्ये फिरवला तर तो उलट अधिकच मऊ होतो.

शेवटी जमलेली कृती चौघांपुरती सांगतो. फ्लॉवरचे तुरे साफ करून साधारण पाऊण किलो घ्यावेत. प्रत्येक तुरा सुटा करून उजेडात नीट पाहावा. गरम मिठाच्या पाण्यात बुडवणे आपल्याला चालणारे नाही, म्हणून हे काम डोळ्यांनीच आणि सावकाश करावे. तुरे पाण्यात न टाकता चाळणीवर वाफवावेत, दहा-बारा मिनिटे, सुरी सहज आत जाईपर्यंत. मग कोरड्या सुती फडक्यावर पसरून ठेवावेत. वाफ निघून गेली की रिकाम्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटे हलवत राहावे. तळाशी पांढरी साय धरल्यासारखी दिसू लागली की पाणी गेले असे समजावे. त्यात दोन मोठे चमचे तूप, तीन चमचे घट्ट चक्का, मीठ, पांढरी मिरपूड आणि किंचित जायफळ घालून मिक्सरमधून काढावे. पाव किलो कोबी किंवा केल उकळत्या पाण्यात चार मिनिटे शिजवून, हाताने घट्ट पिळून, बारीक चिरून चमचाभर तुपात परतावी आणि वरील लगद्यात हलकेच मिसळावी. पातीच्या कांद्याची उणीव भासत असेल तर त्याच तुपात आधी चिमूटभर हिंग फुलवावा. हिंगाचे कोलकॅनन आयर्लंडमध्ये आजवर कुणी खाल्ले नसेल, पण नॅनांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

लोण्याविषयी खुलासा. आमच्या घरी लोणी चालत नाही, तूप चालते. म्हणून सूनबाई तिथले बिनमिठाचे लोणी आणून घरी कढवतात. त्यावरही शास्त्राचे जाणकार बोट ठेवतील. परदेशातील संसारात तेवढी तडजोड झाली आहे. नॅना मात्र त्यांच्या भांड्यात लोणीच घालत. आणि तूप असो की लोणी, कर्बोदके नाहीत म्हणून हिशेबातून त्याला सूट नाही. एका मोठ्या चमच्यात शंभराहून अधिक कॅलरी असतात. बटाटा गेला म्हणून तळे मोठे करायचे नसते.

आमच्या सौ.चे नियम माझ्यापेक्षा कडक आहेत. फ्लॉवर त्या खात नाहीत, आणि ऑक्टोबर म्हणजे चातुर्मास, त्यामुळे पालेभाजीही नाही. त्यांच्यासाठी तिसरे भांडे लागले. नुसत्या पनीरचा प्रयोग केला तर भुर्जी झाली. दुधी किसून, शिजवून, फडक्यातून पार पिळून काढला आणि तेवढेच पनीर घालून मिक्सरमधून फिरवले, तेव्हा पांढरा, मऊ आणि खाण्याजोगा पदार्थ तयार झाला. हिरव्या रंगासाठी बारीक चिरलेली फरसबी. त्याला कोलकॅनन म्हणावे का? सौ.चे मत, नावावाचूनही पोट भरते.

औषधे चालू असलेल्यांसाठी दोन गोष्टी येथेच सांगितल्या पाहिजेत. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना ताटातील कर्बोदके एकदम कमी केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. दुसरे, रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी केलसारख्या गडद हिरव्या भाज्या अचानक वाढवू नयेत. त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. नॅनांनी आढेवेढे घेत का होईना, त्या डब्लिनच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी परवानगी दिली आणि पंधरा दिवस रोज साखर मोजायला सांगितली.

३१ ऑक्टोबर उजाडला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळे एक तास मागे नेतात, त्यामुळे कॉर्कमध्ये त्या दिवशी सूर्य पाचनंतर लगेच मावळतो. आम्हाला सूर्यास्ताच्या आत जेवणे भाग. नॅनांच्या आयुष्यात त्यांनी हॅलोवीनचे कोलकॅनन उजेडी कधी खाल्ले नव्हते. तरीही दुपारी चारला त्या आपले पातेले घेऊन आल्या, नवी शाल घालून. दुसऱ्या हातात एक पत्र्याची डबी. या रात्री कोलकॅननमध्ये काही वस्तू दडवून ठेवायची प्रथा आहे: अंगठी, नाणे, अंगुस्तान आणि गुंडी. अंगठी ज्याच्या घासात येईल त्याचे वर्षात लग्न, नाणे येईल त्याला धनलाभ, अंगुस्तान आणि गुंडी येतील त्यांनी अविवाहित राहण्याची तयारी ठेवावी. नॅनांच्या डबीतले नाणे जुने सहा पेनीचे होते, १९७१ च्या दशमान पद्धतीपूर्वीचे. एका बाजूला वीणा आणि दुसऱ्या बाजूला उंच आयरिश शिकारी कुत्रा. आयुष्यभर नोटा-नाणी हाताळूनही इतके देखणे नाणे मी क्वचित पाहिले असेल. सूनबाईंनी प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्यातून काढून कागदात गुंडाळली, म्हणजे कुणाचा दात जायला नको, आणि तिन्ही भांड्यांत वाटून टाकली.

खिडकीतून तिरपे ऊन येत होते. टेबलावर तीन डोंगर, त्यांत दोन तुपाची तळी आणि एक लोण्याचे. नॅनांनी कडेने पहिला घास घेतला, तळ्यात बुडवला, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘हे माझ्या आईचे नाही.’ पुढचा घास घेतला. ‘पण वाईटही नाही.’ पुढे त्या आपल्या आईविषयी बोलत राहिल्या. शेवटचा बटाटा आई नेहमी ताटात तसाच ठेवी, दाराबाहेरून कुणी आले तर, म्हणून. आमच्या आजीही शेवटची भाकरी टोपलीत ठेवीत असत, हे मला कितीतरी वर्षांनी आठवले.

अंगुस्तान नातवाला आले. गुंडी चिरंजीवांना, लग्नाला दहा वर्षे झालेली असताना. नाणे सौ.च्या दुधीत निघाले आणि त्यांनी ते कुणाला न विचारता पदराच्या टोकाला बांधले. नंतर परत दिले. अंगठी आली ती नॅनांच्याच घासात. त्यांनी ती पुसली, क्षणभर हातात धरली आणि ‘उशीर झाला’ असे म्हणून डबीत ठेवून दिली.

बाहेर अंधार पडून मुखवटे घातलेली मुले दारावर येऊ लागली, तेव्हा दोन तास होत आले होते. नॅनांनी तिथेच यंत्र काढले. आकडा ९.२. मी मनात गुणाकार करण्याआधीच त्यांनी विचारले, ‘तुमच्या पैशांत किती?’ १६६, मी सांगितले. एका रात्रीच्या एका आकड्याने काही सिद्ध होत नाही, हेही सांगितले. त्या दिवशी त्या बाजारापर्यंत दोनदा चालत गेल्या होत्या, सोडा ब्रेडही नव्हता. त्यांनी आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि खाली रेघ मारली.

आम्ही डिसेंबरात परतलो. परवा सूनबाईंच्या फोनवरून नॅनांचा निरोप आला. अजून बटाटा एकच घालतात, पण या खेपेस लगद्याला पाणी सुटले. फ्लॉवर फडक्यावर नक्की किती वेळ ठेवायचा, ते ‘त्या बँकवाल्यांना’ विचारा. मी पाच मिनिटे सांगितली होती. चूक माझीच. कॉर्कच्या दमट हवेत दहा मिनिटे ठेवा, म्हणून कळवले आहे.